फेल्युअर म्हणजे नक्की कुठे थांबायचं? सेटमधल्या मेहनतीचा अंदाज, आरआयआर आणि आरपीई

लोखंडी_पहाट (धागालेखक)

सेट किती, रेप्स (रिपिटेशन किंवा काउंट, म्हणजे सेटमधली एकेक पूर्ण हालचाल) किती, प्रोटीन किती यावर इथे भरपूर चर्चा झालेली आहे. सेट कुठे थांबवायचा यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते वहीतल्या आकड्यांपेक्षा तेच जास्त मोलाचं आहे. ट्रेनर लिहून देतो: चेस्ट प्रेस, ३ सेट, १२ रेप्स. एकजण बारा मारून वजन ठेवतो तेव्हा त्याच्यात अजून सहा शिल्लक असतात. दुसऱ्याचं बारावं कसंबसं वर जातं. वहीत दोघांची नोंद सारखीच, पण स्नायूला मिळालेलं काम अगदी वेगळं.

सेट तीन कारणांनी थांबतो आणि लोक तिन्हींना फेल्युअर म्हणतात. पहिलं, पूर्ण ताकद लावूनही वजन त्याच फॉर्ममध्ये वर जात नाही, मध्येच अडकतं. दुसरं, वजन जाईल पण कंबर उचलून, झटका देऊन, खांदा पुढे काढून. म्हणजे फॉर्म मोडला. तिसरं, जळजळ सहन होत नाही किंवा दम लागला म्हणून आपणच थांबलो. जिममध्ये 'फेल्युअर मारला' असं जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं तिसऱ्या प्रकारातलं असतं. या धाग्यात फेल्युअर म्हणजे पहिला प्रकार धरू. दुसऱ्या प्रकाराला फॉर्म फेल्युअर म्हणू. स्क्वाट आणि डेडलिफ्टमध्ये सेटची हद्द तीच असायला हवी.

मोजायची भाषा दोन प्रकारची आहे. आरआयआर (रेप्स इन रिझर्व्ह) म्हणजे सेट थांबवला तेव्हा किती रेप्स शिल्लक होत्या. आरपीई (रेटिंग ऑफ पर्सीव्ड एक्झर्शन) म्हणजे जाणवलेल्या मेहनतीचा आकडा. मूळ आरपीई स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची, ६ ते २० अशी, धावणं-सायकलसारख्या व्यायामासाठी. पॉवरलिफ्टिंगमध्ये माइक टशरर यांनी ती १० पर्यंतची करून शिल्लक रेप्सशी जोडली, आणि २०१६ मध्ये झूर्डोस आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे ती अभ्यासकांमध्येही रुळली. १० म्हणजे शून्य शिल्लक. ९.५ म्हणजे अजून एक गेलं नसतं, पण वजन किंचित जास्त चाललं असतं. ९ म्हणजे एक शिल्लक, ८ म्हणजे दोन, ७ म्हणजे तीन. ५-६ म्हणजे चार ते सहा, आणि त्याखाली आकडा देण्यात अर्थ नाही, ते वॉर्मअप.

आता शिल्लक किती हे ओळखायचं कशावरून? रॉडच्या वेगावरून. दरवेळी जमेल तितक्या जोरात ढकलूनसुद्धा वजन आपोआप मंद व्हायला लागलं की हद्द जवळ आली. मुद्दाम सावकाश मारणाऱ्याला ही खूण मिळत नाही, म्हणून खाली आणताना सावकाश आणि वर नेताना जोरात, हा नियम पाळा. बेंच प्रेसवर अगदी शेवटच्या जमलेल्या रिपिटेशनचा सरासरी वेग साधारण ०.१५ ते ०.१७ मीटर प्रतिसेकंद असतो, स्क्वाटमध्ये ०.३ च्या आसपास. घरगुती हिशोबात, बेंचवर छातीपासून हात सरळ होईपर्यंत अडीच-तीन सेकंद लागले आणि स्क्वाटमध्ये उठायला सुमारे दोन, तर तुम्ही काठावर आहात. एक-सव्वा सेकंदात वर गेलं आणि तुम्ही थांबलात, तर चेहरा कितीही वाकडा झाला असो, शिल्लक बरीच होती.

मंद का होतं? हलकं काम शरीर छोट्या मोटर युनिट्सवर (एक चेतापेशी आणि ती चालवते ते स्नायूतंतू) भागवतं. ती थकली की, किंवा वजन जड असलं की, मोठी युनिट्स कामाला लागतात. हेनेमन यांचं हे तत्त्व १९५०-६० च्या दशकांपासून माहीत आहे. वाढीची सर्वांत जास्त क्षमता असलेले तंतू याच मोठ्या युनिट्समध्ये आहेत. ते कामाला लागले आणि हालचालही मंद झाली की प्रत्येक तंतूवर ताण जास्त पडतो. सेटचे शेवटचे चार-पाच काउंट महत्त्वाचे मानतात ते यासाठी.

---

तालीम_सकाळ

उत्तम धागा. एक अडचण. लॅटरल रेजमध्ये अडीच-तीन सेकंदांचं असं काही होत नाही. नऊ व्यवस्थित जातात, दहावं अर्ध्यात थांबतं. तिथे वेग कसा बघायचा?

---

लोखंडी_पहाट

@तालीम_सकाळ, बरोबर पकडलंत. काही व्यायाम मधल्या टप्प्यात जड असतात: बेंच, स्क्वाट, शोल्डर प्रेस. तिथे अडकण्याची जागा मध्येच आहे, ती पार केली की वरचं सोपं, त्यामुळे वजन घासत घासत का होईना वर जातं. काही व्यायाम स्नायू पूर्ण आखडल्यावर जड असतात: लॅटरल रेज, रोइंग, लॅट पुलडाउन, लेग कर्ल. तिथे थकवा आला की आधी वरचे दोन-तीन इंच जातात. खालची हालचाल झकास चालू असते, म्हणून माणसाला वाटतं की अजून मारतोय.

तिथे वेगाऐवजी खूण ठरवा. लॅटरल रेजमध्ये कोपर खांद्याच्या रेषेला आलं तरच काउंट. सीटेड रोमध्ये हँडल पोटाला टेकलं तरच. पुलडाउनमध्ये रॉड हनुवटीच्या खाली आला तरच. ज्या काउंटला खूण गाठता आली नाही, तिथे फेल्युअर. त्यानंतर अर्धे मारायचे तर मारा, पण वहीत वेगळे लिहा: '१० + ४ अर्धे'. नाहीतर पुढच्या आठवड्यात चौदा दिसतील आणि प्रगती झाल्याचा भास होईल.

---

वही_पेन

मोजायला शिकण्याची पद्धत सविस्तर देतो, कारण 'दोन शिल्लक ठेवा' असं सांगणं सोपं, पण ज्याने खरा शून्य कधी पाहिलेला नाही त्याला दोन कुठून कळणार?

एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. बार्बोसा-नेट्टो आणि सहकाऱ्यांनी नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषांना विचारलं, बेंचवर दहा रेप्ससाठी तुम्ही किती वजन वापरता? तेच वजन देऊन थांबेपर्यंत मारायला लावलं. सरासरी सोळा निघाल्या. म्हणजे रोजच्या 'दहाच्या वजनात' सहा शिल्लक. दुसरीकडे हॅल्परिन यांच्या २०२२ च्या एकत्रित विश्लेषणात, सेट चालू असताना अंदाज विचारला तर लोक सरासरी एकच रिपिटेशन कमी सांगतात असं दिसलं. दोन्हींत विरोध नाही. सेटच्या शेवटाजवळ, कमी रेप्सच्या सेटमध्ये, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेटला अंदाज चांगला येतो. वजन आधीच ठरवून, कधीही हद्द न बघता वर्षानुवर्षं तेच उचललं की तो बिघडतो.

पद्धत अशी. सुरक्षित व्यायाम घ्या: लेग एक्स्टेन्शन, चेस्ट प्रेस मशीन, पुलडाउन, केबल कर्ल. ८ ते १२ रेप्समध्ये संपेल असं वजन. दिवसातला त्या व्यायामाचा फक्त शेवटचा सेट वापरा. मारता मारता ज्या क्षणी वाटेल की आता तीनच राहिल्या, तेव्हा मोठ्याने 'तीन' म्हणा आणि थांबू नका. पार्टनर तिथून पुढचे मोजतो. वजन मध्ये अडकेपर्यंत किंवा खूण चुकेपर्यंत जा. पार्टनर नसेल तर मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर, आडव्या कोनात लावा. व्हिडिओत तुमचा आवाजही येईल.

वहीत लिहायचं असं: लेग एक्स्टेन्शन, ४५ किलो, अंदाज ३, प्रत्यक्ष ७. म्हणजे चूक ४. पुढच्या आठवड्यात तेच. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांची चूक एक-दोनवर येते. प्रत्येक व्यायामाची चूक वेगळी असते हे लक्षात ठेवा. पायांच्या व्यायामात लोक सर्वांत आधी थांबतात, कारण मांडीची जळजळ आणि दम दोन्ही एकदम येतात. कर्लमध्ये उलट, शेवटचे दोन-तीन कंबर हलवून गेलेले असतात आणि अंदाज बरोबर आला असं वाटतं.

एकदा अंदाज बसला की महिन्यातून एकदा ताडून बघा. व्यायाम बदलला, मशीन बदललं, आजारपणानंतर परत आलात, तर पुन्हा सुरुवातीपासून. वेगवेगळ्या जिममधल्या केबल मशीनवर तोच आकडा म्हणजे तेच वजन नव्हे. पुलीची रचना वेगळी असते. साधा रॉडही सगळीकडे २० किलोचा नसतो, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा.

---

जुना_खेळाडू

हे सगळं वाचतोय, पण मूळ गोष्ट विसरू नका. 'महाराष्ट्र श्री'च्या मंचावर जी शरीरं दिसतात ती दोन-तीन शिल्लक ठेवून आलेली नाहीत. आर्थर जोन्स, माइक मेंट्झर, डोरियन येट्स या शरीरसौष्ठवातल्या सगळ्या मोठ्या नावांनी फेल्युअरच सांगितलं. येट्स यांनी १९९२ ते १९९७ सलग सहा मिस्टर ऑलिंपिया जिंकल्या. जोवर स्नायू हरत नाही तोवर त्याला वाढायचं कारण काय?

---

लोखंडी_पहाट

@जुना_खेळाडू, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे: मेहनत हवीच आणि बहुतेकांची ती कमी पडते. पण येट्स यांच्या पद्धतीचा दुसरा अर्धा भागही सोबत घ्यायला हवा. वॉर्मअपनंतर एका व्यायामाचा एक, फार तर दोन सेट, तो जीव तोडून, आणि संपलं. मेंट्झर तर त्याहून कमी सांगत. आपल्याकडे होतं काय, फेल्युअर येट्स यांच्याकडून घेतात आणि चेस्टचे वीस सेट श्वार्झनेगर यांच्या काळातल्या वेळापत्रकातून. दोन्ही एकत्र झेपत नाहीत. तिसऱ्या व्यायामापासून पुढचे सेट नुसते पाट्या टाकणं होतं.

---

शरीरशास्त्र_मंडळी

अभ्यासांचं चित्र थोडक्यात. रेफालो आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या विश्लेषणात फेल्युअर आणि त्याआधी थांबणं यांत स्नायूवाढीचा फरक अगदी किरकोळ निघाला. रॉबिन्सन यांच्या २०२४ च्या विश्लेषणात शिल्लक रेप्स जितक्या कमी तितकी स्नायूवाढ थोडी जास्त असा कल दिसला. ताकदीच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. म्हणजे जवळ जाणं फायद्याचं, पण एक शिल्लक आणि शून्य शिल्लक यांतला फरक इतका नाही की त्यासाठी पुढचे सगळे सेट पणाला लावावेत.

पणाला कसे लागतात ते बघा. ढोबळ उदाहरण, बेंच ६० किलो, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिला सेट शून्यापर्यंत: १२, मग ८, मग ६. एकूण २६. तोच माणूस पहिल्या सेटला दोन ठेवून १०, मग ९, मग ८ मारून शेवटी काठाला पोहोचतो. एकूण २७, आणि त्यातले दोन सेट फॉर्म न मोडता. पुढच्या व्यायामाला, समजा इन्क्लाइन डंबेलला, हाच माणूस ताजा असतो. शिवाय फेल्युअरच्या सत्रानंतर वेग आणि ताकद पूर्ववत व्हायला एक-दोन दिवस जास्त लागू शकतात. आठवड्यातून दोनदा तोच भाग मारणाऱ्याला हे महागात पडतं.

एक अपवाद ठळकपणे. वजन हलकं असेल तर शून्याजवळ जावंच लागतं. लासेविसियस यांच्या प्रयोगात कमाल वजनाच्या (जे एकदाच उचलता येतं त्याच्या) ८० टक्क्यांवर फेल्युअर आणि आधी थांबणं सारखंच ठरलं. ३० टक्क्यांवर मात्र आधी थांबलेल्यांची वाढ स्पष्ट कमी होती. जड वजनात मोठी युनिट्स पहिल्या काउंटपासून लागतात, हलक्यात ती शेवटी लागतात.

---

पुण्याची_मेघना

मग घरी व्यायाम करणाऱ्यांनी काय करायचं? दोन ५ किलोचे डंबेल्स, एक बँड, एवढंच सामान. २५-३० रेप्स मारल्यावर जळजळ इतकी होते की स्नायू थांबला की मन थांबलं तेच कळत नाही.

---

वही_पेन

@पुण्याची_मेघना, मेघनाताई, जास्त रेप्समध्ये अंदाज सगळ्यांचाच चुकतो. म्हणून पहिला उपाय, रेप्स कमी करा आणि व्यायाम कठीण करा. दोन पायांच्या स्क्वाटऐवजी मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायाचा स्क्वाट. पाठीवर सॅक, त्यात पाण्याच्या बाटल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाढही मोजून करता येते. पुशअप सोपे होत असतील तर पाय स्टुलावर, किंवा हाताखाली दोन जाड पुस्तकं ठेवून छाती आणखी खाली. खाली जाताना तीन सेकंद, तळाशी एक सेकंद पूर्ण थांबणं. या बदलांनी तीसचे बारा-पंधरा होतात आणि मग वेगाची खूण पुन्हा दिसायला लागते.

जळजळ आणि फेल्युअर वेगळं काढायची एक युक्ती: असह्य झालं की दोन-तीन सेकंद वजन वरच्या सोप्या जागी धरा, दोन श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. त्यानंतर चार-पाच सहज गेल्या तर मघाशी जळजळ होती. एकच गेलं किंवा अडकलं तर खरी हद्द जवळ होती.

जोर-बैठकांनाही हेच लागू. शंभर बैठका मारताना आधी दम संपतो, मांडी नाही. दमसासासाठी त्या उत्तमच, पण मांडी वाढवायची असेल तर एका पायाचे प्रकार घ्या.

---

तालीम_सकाळ

यावरूनच आठवलं. बेंट ओव्हर रोमध्ये पाठीआधी कंबर दुखून येते. डेडलिफ्टमध्ये पकड सुटते. तो सेट फेल्युअर धरायचा का?

---

लोखंडी_पहाट

सेट संपला तेव्हा कोण संपलं, हा प्रश्न प्रत्येक व्यायामाला विचारा. पाठ वाढवायला रो करताय आणि कंबर संपली, तर पाठीच्या दृष्टीने चार-पाच शिल्लक होत्या. छाती टेकवून करायचा रो घ्या. शेवटच्या जड सेटला पकड सुटत असेल तर स्ट्रॅप वापरा; पकडीचा व्यायाम वेगळा करा. २० रेप्सच्या स्क्वाटमध्ये फुप्फुसं संपतात, म्हणून मांडीसाठी ६ ते १० बरे. बायसेप्सआधी मनगट दुखत असेल तर सरळ रॉडऐवजी नागमोडी ईझेड रॉड. ट्रायसेप्स पुशडाउनमध्ये खांदे पुढे आले की छाती मदतीला येते. पाठ भिंतीला किंवा बेंचला टेकवून बघा, वजन किती उतरवावं लागतं ते.

---

सांधेजोड (फिजिओ)

सुरक्षिततेबद्दल, कारण फेल्युअरचा धागा त्याशिवाय अपुरा राहील.

सपोर्ट देणाऱ्यांबद्दल आधी. बेंचवर पाचव्यापासून पार्टनर रॉडखाली बोटं घालून 'अजून दोन, येतंय येतंय' करतो. मग पार्टनरच्या पाठीचा व्यायाम होतो आणि वहीत १२ लिहिलं जातं. नियम एकच ठेवा: रॉड पूर्ण थांबेपर्यंत किंवा खाली जायला लागेपर्यंत हात लावायचा नाही, हात लागला की तो काउंट नाही आणि सेट तिथेच संपला. सेटआधी हे बोलून घ्या. किती मारणार, उचलून देऊ का, कोणता शब्द म्हटला की घ्यायचं.

एकटे असाल तर बेंच रॅकच्या आत लावा. सेफ्टी पिन (रॉड अडवणाऱ्या रॅकच्या आडव्या दांड्या) अशा उंचीवर की छाती फुगवलेली असताना रॉड छातीला टेकतो तेव्हा पिनच्या किंचित वर राहील, आणि छाती सैल केली की पिनवर बसेल. रिकाम्या रॉडने तपासून मगच वजन चढवा. पिन नसतील तर बेंचवर दोन शिल्लक ठेवा, किंवा डंबेल घ्या. अंगठा रॉडभोवतीच हवा. स्क्वाटला पिनशिवाय हद्द गाठू नका. डेडलिफ्टमध्ये पाठ गोल झाली की सेट संपला, मग हातापायांत कितीही जोर असो.

श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब फार चढतो. मॅकडूगल यांच्या १९८५ च्या मोजणीत निरोगी, व्यायाम करणाऱ्या पुरुषांतही दोन पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० पर्यंत गेलेला आढळला. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया यांपैकी काही असेल त्यांनी फेल्युअरच्या वाटेला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. तीन-चार शिल्लक ठेवूनही भरपूर फायदा होतो.

आणि नव्याने सुरू करणाऱ्यांना, किंवा मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांना पहिल्याच दिवशी हद्दीपर्यंत नेणाऱ्या ट्रेनरना हात जोडून विनंती, हे करू नका. सवय नसलेले स्नायू एकदम खूप फाटले की त्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. एक ते तीन दिवसांत असह्य दुखणं, हात कोपरात सरळ न होणं, सूज, आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होणं, अशी लक्षणं. असं दिसलं तर घरी मालिश करत बसू नका, वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका, थेट रुग्णालयात जाऊन रक्तातलं सीके (स्नायूंची इजा दाखवणारं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासा. मे महिन्यात, बंद खोलीत, पाणी कमी पिऊन हा धोका आणखी वाढतो. पहिले दोन-तीन आठवडे चार शिल्लक, प्रत्येक भागाचे दोन-तीन सेट, एवढं पुरे.

---

जुना_खेळाडू

@सांधेजोड, हे शेवटचं प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

@लोखंडी_पहाट, ठीक, मग प्रत्यक्ष आठवडा कसा लावाल ते लिहा.

---

लोखंडी_पहाट

वर्ष-दोन वर्षं नियमित मारणाऱ्यासाठी, आठवड्यात प्रत्येक भागाचे साधारण १० ते १६ सेट धरून:

स्क्वाट, डेडलिफ्टचे प्रकार, उभा शोल्डर प्रेस: ५ ते ८ रेप्स, दोन-तीन शिल्लक, कायम. बेंच, डंबेल प्रेस, चिनअप, लेग प्रेस: ६ ते १०, एक-दोन शिल्लक. मशीन प्रेस, पुलडाउन, रो: ८ ते १२, एक शिल्लक, शेवटच्या सेटला शून्य चालेल. लॅटरल रेज, कर्ल, पुशडाउन, लेग कर्ल, लेग एक्स्टेन्शन, काफ (पोटऱ्या): १० ते २०, शून्य-एक. या शेवटच्या गटात फेल्युअरचा खर्च फार थोडा आणि उपयोग पुरेसा, त्यामुळे तिथे हात राखू नका.

वजन वाढवायचं ते दुहेरी पद्धतीने, आधी रेप्स, मग वजन. समजा बेंच ६ ते १०, एक शिल्लक. ६० किलोवर तिन्ही सेट १० पर्यंत आणि शिल्लक तेवढीच, तर पुढच्या वेळी ६२.५. रॉडला दोन्हीकडे १.२५ च्या प्लेट्स लागतात. जिममध्ये नसतील तर स्वतःची जोडी घ्या, सबंध सामानात याहून उपयोगी खरेदी नाही. डंबेलमध्ये उडी मोठी असते: ७.५ वरून १० म्हणजे एका झटक्यात तेहतीस टक्के. तिथे १२ वर न थांबता १८-२० पर्यंत जा, मग वर चढा.

नोंद अशी: ६०×९@१. पहिला आकडा वजन, मग रेप्स, मग शिल्लक. ही शेवटची संख्याच पुढे सगळं सांगते. गेल्या आठवड्यात ६०×९@१ आणि या आठवड्यात ६०×१३@१ दिसलं, तर आठवड्यात चार रेप्सची ताकद आलेली नाही, गेल्या वेळचा '१' चुकीचा होता. उलट ६०×९@१, मग ६०×८@०, मग ६०×७@० असं लागोपाठ उतरत गेलं आणि झोप-जेवण ठीक असेल, तर थकवा साठलाय. एक आठवडा सेट निम्मे करा, चार शिल्लक ठेवा, वजन तेच ठेवलं तरी चालेल.

---

वही_पेन

उपवास आणि डाएटबद्दल एक भर. श्रावणात, रोज्यात किंवा स्पर्धेआधीच्या कटिंगमध्ये (चरबी उतरवायला खाणं कमी करतात तेव्हा) सगळंच जड वाटतं. तेव्हा 'आज आठच गेल्या, शून्य शिल्लक' असं मनाने ठरवून टाकलं जातं, प्रत्यक्षात वेग टिकलेला असतो. अशा काळात वेगावर विश्वास ठेवा, वाटण्यावर कमी. प्री-वर्कआउट किंवा कडक कॉफीने उलटं होतं: कॅफिनमुळे मेहनत कमी जाणवते, म्हणून त्या दिवशीचे आकडे वेगळी खूण करून लिहा. नाहीतर कॉफी न घेतलेल्या दिवशी उगाच वाटतं की ताकद गेली.

---

पुण्याची_मेघना

शेवटचा प्रश्न. ड्रॉप सेट (न थांबता वजन उतरवत पुढे मारणं), रेस्ट-पॉज (थोडं थांबून त्याच वजनावर पुन्हा मारणं) यांचे सेट कसे मोजायचे? एका ड्रॉप सेटचे तीन धरायचे का?

---

लोखंडी_पहाट

तीन नाही. मी एक ड्रॉप सेट म्हणजे साधारण दीड सेट धरते, कारण वजन उतरवल्यावरचे सेट छोटे असतात. वेळ कमी असेल तर याचा उपयोग मोठा आहे.

रेस्ट-पॉज असं लावा: पुलडाउन किंवा केबल रेज, असं वजन की १२ ते १५ मध्ये एक शिल्लक राहील. तो सेट झाला की वीस सेकंद, चार-पाच खोल श्वास. मग त्याच वजनावर चार किंवा पाच. पुन्हा वीस सेकंद, पुन्हा तेवढ्याच. ज्या फेरीत पहिल्या छोट्या सेटपेक्षा दोन कमी आल्या, म्हणजे पाचचे तीन झाले, तिथे संपवायचं. साधारण तीन ते पाच फेऱ्या होतात. हे सगळं मिळून दोन-अडीच सेट समजा. मशीन, केबल आणि हलक्या डंबेलपुरतंच ठेवा. तुमच्या ५ किलोच्या डंबेलला आणि बँडला तर ही पद्धत खासच चालेल, कारण दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक काउंट हद्दीजवळचा असतो आणि तिसाव्यापर्यंत जळजळ सोसावी लागत नाही. वहीत लिहाल ते असं: १५ + ५ + ५ + ४ + ३. पुढच्या वेळी या सगळ्यांची बेरीज, म्हणजे ३२, ओलांडली की वजन वाढवा.